नव्या पंतप्रधानांना अर्ज, तीन प्रतींत

अर्ज टाइप करून देणाऱ्या माणसाकडे किस्से आपोआप साठतात. मूळ अर्ज साहेबाकडे जातो, दुसरी प्रत अर्जदार घरी नेतो आणि तिसरी आमच्या पेटीत पडते. माझ्या पेटीत अशा तिसऱ्या प्रती इतक्या साठल्या की बायको म्हणाली, "ही पेटी तरी रिकामी करा, नाहीतर मला तरी तिच्यात ठेवा!" म्हणून आवरायला बसलो, तर सत्त्याहत्तर सालचा गठ्ठा हाती लागला. मग कसली पेटी रिकामी होतेय!

सातारा आणि सांगलीच्या मधल्या एका तालुक्याच्या गावी, कचेरीच्या दाराशी चिंचेखाली माझं टेबल होतं. गावाचं नाव सांगत नाही. पुढं एक फौजदार येणार आहेत आणि त्यांची मुलं अजून तिथंच राहतात.

टेबल माझं होतं, पण त्यावरचं मशीन माझं नव्हतं. माझं मशीन ठाण्यात जप्त होतं. आणीबाणीत गावात सरकारविरोधी पत्रक फिरलं. ते टाइप केलेलं होतं, आणि फौजदारांना येता-जाता डोळ्यांसमोर दिसणारा टायपिस्ट मी! ते पत्रक मी टाइप केलं नव्हतं. कुणी आणून दिलं असतं तर केलं असतं, ती गोष्ट वेगळी. मला दोन दिवस बसवून सोडून दिलं आणि मशीन ठेवून घेतलं.

टायपिंग क्लासवाले शौकतभाई माझे जुने मित्र. त्यांनी क्लासातलं एक मराठी मशीन मला वापरायला दिलं. "जूनमधी नवी बॅच बसती, तवर वापर," ते म्हणाले, "पुढं मला लागंल गड्या." म्हणजे जूनपर्यंत माझं मशीन सुटलं तर ठीक, नाहीतर चिंचेखाली नुसतं टेबल घेऊन बसायचं!

मार्चमध्ये निवडणुकीचा निकाल लागला, दिल्लीत नवे पंतप्रधान आले. तिसऱ्याच दिवशी मी त्यांना अर्ज टाइप केला, 'माझे मशीन परत मिळावे.' शेजारी चहाची गाडी लावणाऱ्या अक्कांनी विचारलं, "कुणाला लिवताय?" मी सांगितलं. झालं! दुपारपर्यंत अख्ख्या बाजाराला कळलं की पंतप्रधानांना अर्ज करता येतो.

*

पहिली आली ती रहिमतपूरकडची एक बाई. नवे पंतप्रधान दारूच्या विरोधात आहेत, हे तिच्या कानावर आलं होतं.

"लिवा, माझ्या नवऱ्याची दारू बंद करा."

मी आपला नेहमीच्या भाषेत सुरू झालो, 'सबब संपूर्ण राज्यात दारूबंदीचा कायदा कडकपणे...' वाचून दाखवलं तर बाई दचकली.

"आवं, सगळ्यांची नगं! फकस्त ह्याची बंद करा. माझ्या भावाचं दुकान हाय!"

*

एक ऊसवाले पाटील आले. साखरेचा भाव वाढवावा, म्हणजे उसाला दर मिळेल, असा त्यांचा अर्ज. टाइप करून दिला, ते तंबाखू मळत कट्ट्यावर बसले. तेवढ्यात बाजार करून त्यांच्या पाटलीणबाई आल्या. रेशनची साखर स्वस्त करावी, घरात माणसं लय, असा त्यांचा अर्ज. तोही टाइप केला. एकाच कार्बनवर दोन्ही अर्ज!

मी म्हटलं, "पाटील, दिल्लीत घोटाळा होईल की. नाव एक, गाव एक, आणि एकाला महाग पाहिजे, एकाला स्वस्त."

पाटील म्हणाले, "एकाच पाकिटात घाला दोनी. आमचं घरात तीस वर्सं ठरंना, बघू तर खरं तेला तरी ठरवाय येतंय का!"

*

उंब्रजकडचे एक रिटायर सुभेदार होते. मिशी पांढरी, पाठ ताठ. त्यांची तक्रार साधी होती. सातबाऱ्यावर नाव लावायला तलाठी वर्षभर हेलपाटे घालायला लावत होता. अर्ज उत्तम झाला. मी पाकिटावर दिल्लीचा पत्ता घालायला लागलो तर सुभेदार कडाडले.

"ठैरो! डायरेक्ट? डायरेक्ट कमांडरला कोण लिवतं? थ्रू प्रॉपर चॅनल!"

मी परोपरीनं सांगितलं की पंतप्रधानांना कुणीही सरळ लिहू शकतो. ते ऐकेनात. तीस वर्षांची शिस्त! अर्ज घेऊन टाचा जुळवून गेले.

आठवड्यानं पुन्हा आले. मी विचारलं, "कुठवर गेला अर्ज?"

"पैल्याच ठेसनावर अडला."

"कुठल्या?"

"तलाठ्याकडं. त्यो म्हणतोय, ही तक्रार बरोबर न्हाई, म्हणून फुडं धाडता येत न्हाई."

"मग आता?"

सुभेदार खिन्नपणे म्हणाले, "मग काय! ऑर्डर इज ऑर्डर."

मला त्या माणसाचं हसू आलं नाही. फार वाईट वाटलं. अक्कांनी त्यांच्याकडून चहाचे पैसे घेतले नाहीत.

*

आटपाडीकडचा एक म्हातारा लेकीकडे आला होता. त्याचा अर्ज दोन ओळींचा. 'आपण एकदा आमच्या गावी यावे.' बस्स!

मी म्हटलं, "बाबा, नुसतं यावं? काही मागायचं नाही? कालवा, विहीर, काही?"

"काय नगं. त्यांनी नुसतं यावं."

"येऊन काय करावं?"

"काय करू नये. गाडीतनं उतरूबी नये." म्हातारा शांतपणे सांगू लागला. "मागं एक मंत्री आल्ता. धुरळा उडू नये म्हणून रस्त्यावर सकाळपासनं टँकरनं पाणी मारलं. बायकांनी रस्त्याकडंनं टँकरच्या धारेखाली घागरी भरून घेतल्या. मंत्र्याच्या मानानं पंतप्रधान लय मोठा. रस्ताबी लांबचा धरंल!"

*

आता अक्कांचा किस्सा. अक्कांच्या शेजाऱ्यानं मोरीचं पाणी त्यांच्या दारात सोडलं होतं. भांडून झालं, पंच बोलावून झाले, पाणी येतच होतं. एके दिवशी चहाचा कप माझ्या टेबलावर आदळून अक्का म्हणाल्या, "घाला कागद. पंतप्रधानांस्नी कळवा, ह्यो माणूस कसा हाय."

मी जोरदार अर्ज केला. वर ठळक अक्षरांत 'माननीय पंतप्रधान, नवी दिल्ली', खाली शेजाऱ्याचं नाव, बापाच्या नावासकट. चार दिवसांनी अक्का हसत आल्या. शेजाऱ्यानं रात्रीतून चर खणून पाणी पलीकडे वळवलं होतं!

मी चाट पडलो. "अक्का, चार दिवसांत दिल्लीहून हुकूम आला?"

"कशाचा हुकूम! अर्ज घरातच हाय. पोस्टात टाकलाच न्हाई. त्येला नुसता वाचून दावला."

"अहो, मग टाका की आता!"

"टाकतीय कशाला? एवढा चांगला अर्ज! पुन्ना लागंल की!"

गाडीशी ठाण्यातले हवालदार शिंदे चहा पीत उभे होते. ते हसले नाहीत. बशीतला चहा फुंकत नुसते विचार करत राहिले.

*

होता होता जून तोंडावर आला. माझ्या अर्जाला उत्तर नव्हतं. शौकतभाई दोनदा येऊन, मशीनचं नाव न काढता, चहा पिऊन गेले. भला माणूस, मागायला संकोचत होता. मला तर त्यांच्याकडे बघवेना. दुसरं कुठलं काम मला येत नव्हतं.

अशात एका दुपारी हवालदार शिंदे आले. "आण्णा, चला. सायबांनी बोलिवलंय."

पुन्हा ते पत्रक उकरून काढलं की काय! अक्का म्हणाल्या, "मी घरी सांगावा धाडती." त्यानं तर मी आणखीच घाबरलो.

ठाण्यात फौजदारांच्या खोलीत गेलो आणि थबकलो. टेबलावर माझं मशीन! रोलरच्या डाव्या कडेचा खिळा पूर्वीच पडला होता, तिथं मी बाभळीचा काटा बसवला होता. तो काटासुद्धा तसाच होता. खोटं कशाला सांगू, डोळे भरून आले.

फौजदारांनी शिंद्यांना बाहेर घालवलं, दार लोटलं आणि आवाज उतरवून म्हणाले, "जरा खाजगी काम आहे. एक अर्ज करायचाय. पंतप्रधानांना."

नवं सरकार आणीबाणीतल्या एकेका अधिकाऱ्याची चौकशी लावणार, अशी हवा होती. साहेबांची झोप उडाली होती. ते येरझाऱ्या घालत सांगत गेले, मी टाइप करत गेलो. 'मागील काळात मी जे जे केले, ते वरिष्ठांच्या तोंडी हुकुमावरून व नाइलाजाने केले. मनातून मी पहिल्यापासून आपल्याच विचारांचा होतो. लोकांच्या जप्त वस्तू मी स्वतःच्या वस्तूप्रमाणे वापर... सांभाळल्या.' त्यांनी शब्द बदलला, मी बदललेला टाइप केला.

अर्ज झाला. मी म्हटलं, "साहेब, माझं मशीन?"

"ते कसं देता येईल?" साहेब पुन्हा फौजदार झाले. "मुद्देमाल आहे तो. वरून हुकूम यायला पाहिजे."

घरी येऊन सदरा काढला, तर खिशात घडी घातलेला कागद! हात सवयीचा. मशीनवर तीन कागद चढवले होते, दोन साहेबांना दिले आणि तिसरी प्रत नेहमीसारखी माझ्याकडे आली होती. वाचली. सगळं खापर वरिष्ठांवर! जिल्ह्याच्या साहेबांनी ही वाचली असती, तर फौजदारांची बदली करायला पंतप्रधानांची गरजच उरली नसती!

मी काही वाईट केलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती प्रत टेबलावर ठेवली आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून वर दगड ठेवला. एवढंच. हवालदार शिंदे नेहमीप्रमाणे चहाला आले. टेबलापाशी वाकून उभ्याउभ्या त्यांनी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, आणि चहा अर्धा टाकून निघून गेले.

तासाभरात परत आले. सायकलच्या कॅरियरवर काथ्यानं बांधलेलं माझं मशीन! हुकूम नाही, पंचनामा नाही. त्यांनी ते स्वतः उचलून टेबलावर ठेवलं आणि हळूच म्हणाले, "सायबांनी ती प्रत मागितलीय."

मी दगड उचलून प्रत दिली. काट्यावरून बोट फिरवलं. शौकतभाईंना निरोप धाडला की तुमचं मशीन घेऊन जा.

इकडे अक्का गाडी सोडून धावत आल्या आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "बघा गं बाया! पंतप्रधानांनी आण्णांचं मशीन धाडलं!" बघता बघता टेबलाभोवती ही गर्दी! ज्याला त्याला अर्ज करायचा होता.

शिंदे मात्र हलेनात. गर्दीतून वाट काढून ते समोरच्या स्टुलावर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली.

"आण्णा, आधी माझा घ्या. पंतप्रधानांस्नी. सायबांच्या इरुद्ध."

मी कागदांत कार्बन घालून तीन प्रती चढवल्या.

"तीन कशाला?" शिंदे म्हणाले. "एकच काडा. पोस्टात न्हाई टाकायचा. नुसता सायबांच्या टेबलावर ठिवायचा. वर दगूड!"