नळवाले साहेब

अपघाताचा फोन आला की कोणीही पहिल्यांदा विचारतं, कोणाला लागलं का? नळवाले साहेब विचारायचे, "मागे कुठपर्यंत?" म्हणजे गाड्यांची रांग मागे कुठवर पोचली आहे. मी कंट्रोल रूममध्ये नवी होते तेव्हा मला हा माणूस दगडाच्या काळजाचा वाटला होता. एका दुपारी टेम्पो उलटून हायवेभर कांदे पसरले होते. ड्रायव्हर डोकं धरून दुभाजकावर बसलेला कॅमेऱ्यात दिसत होता, आणि हे आपले चष्मा पुसत, "कांदे राहू द्या हो, मागे कुठपर्यंत?" मी जरा फणकाऱ्यानेच म्हटलं, "साहेब, माणसाला रक्त येतंय." तर म्हणाले, "येतंय ना? मग त्याची अँब्युलन्स त्या रांगेतूनच यायची आहे, शिल्पाबाई. रांग सांगा." त्या दिवसापासून मी रांग आधी सांगायला लागले.

आमची कंट्रोल रूम ठाण्यात. भिंतभर पडदे, त्यांवर नाशिककडे जाणारा हायवे, आणि समोर आम्ही चारपाच जण हेडफोन लावून बसलेले. कुठे गाडी बंद पडली, कुठे ठोकली, की क्रेन पाठवायची, अँब्युलन्स पाठवायची, पोलिसांना कळवायचं. साहेब तिथले इंजिनियर. जन्म नौपाड्यातला, भाषा अशी स्वच्छ की आमच्या विठ्ठलवाडीच्या बोलण्यावर ते अधूनमधून नुसते हसायचे. काही झालं की बाकीचे अधिकारी म्हणायचे, आणखी एक क्रेन पाठवा, आणखी दोन हवालदार पाठवा. साहेब म्हणायचे, "आधी नळ बंद करा, मग फरशी पुसा." वरून गाड्या येतच राहिल्या तर खाली क्रेन कितीही लावा, काय उपयोग? हे वाक्य त्यांनी मीटिंगमध्ये, जेवताना, लिफ्टमध्ये इतक्या वेळा म्हटलं की त्यांचं मूळ आडनाव शिपायापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळे विसरून गेले.

हा नळ म्हणजे काय, ते मला त्यांनी डोंबिवलीत, आमच्या एका सहकाऱ्याच्या लग्नात दाखवलं. जेवणाच्या टेबलांपाशी नेहमीसारखी झोंबाझोंबी चाललेली. ज्याच्या हातात ताट आलं तो घुसत होता, आणि श्रीखंडापाशी सगळे असे अडकले होते की ना पुढे ना मागे. साहेब गेले आणि ताटांच्या चळतीशी उभे राहिले. पुढचा माणूस भाजीच्या पुढे सरकला की ते एक ताट द्यायचे. एक सरकला, एक ताट. बघता बघता रांग चालायला लागली, टेबलापाशी जागा दिसायला लागली. लोकांनी कौतुक केलं असेल असं वाटतं? छे. "ताटं कसली अडवताय, आम्ही काय फुकटे आहोत?" असं एका बाईंनी ऐकवलं. नवरीच्या मामांना ते केटररचा माणूस वाटले. "ए भाऊ, मठ्ठा संपलाय बघ तिकडे," ते म्हणाले. साहेब निमूटपणे मठ्ठा संपल्याचं सांगायला गेले. तेवढ्यात लोकांनी ताटं उचलली, आणि श्रीखंडापाशी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

त्यांना हेच हायवेवर करायचं होतं. सर्व्हिस रोडवरून हायवेवर चढायला जे रॅम्प असतात, त्यांच्या तोंडाशी सिग्नल लावायचा. एक हिरवा, एक गाडी. वर काही घडलं की लाल, कोणी चढायचं नाही. आणि रॅम्प संपतो तिथून डावीकडची एक लेन रिकामी ठेवायची. रोज तिथून बस जातील, अपघात झाला की फक्त क्रेन आणि अँब्युलन्स. या लेनचं त्यांनी नाव ठेवलं होतं 'मोकळी'. सगळी नोकरी त्यांनी हे मागण्यात घालवली, आणि रिटायर व्हायला थोडा काळ उरला असताना वरून परवानगी आली, एका रॅम्पची. तेही प्रयोग म्हणून. जमलं तर पुढच्या सगळ्या रॅम्पवर लावू, नाही जमलं तर हाही काढू. साहेब त्या दिवशी सगळ्यांसाठी पेढे घेऊन आले. मुलाच्या लग्नातही हा माणूस इतका खूश नव्हता, असं त्यांच्याच मित्राने मला सांगितलं.

पण आपल्याकडे सिग्नल म्हणजे चौक. समोरून कोणीतरी आडवं जाणार, म्हणून आपण थांबणार. इथे आडवं जाणारं कोणी नाही, रस्ता सरळ वर चढतोय आणि मध्येच लाल दिवा. लोक डावीकडे बघायचे, उजवीकडे बघायचे, कोणी नाही असं दिसलं की निघायचे. साहेब सकाळी तिथे चमकत्या पट्ट्यांचं जाकीट घालून उभे राहायला लागले. एका बाईकवाल्याला त्यांनी अडवलं तर तो म्हणाला, "काका, क्रॉस कोण करतंय इथे? भूत?" साहेबांनी शांतपणे समजावलं, की वर जागा होईपर्यंत थांबलास तर तुझाच वेळ वाचेल. तो म्हणाला, "मी थांबलो तर मागचा घुसणार ना! मग मीच येडा ठरणार." साहेब ऑफिसात आले आणि मला म्हणाले, "त्याचं बरोबर आहे हो. एकटा थांबतो तो येडाच ठरतो." पालथ्या घड्यावर पाणी, पण ते रोज ओतत राहिले.

आणि एकदा जमलं. गणपतीच्या आधीची गोष्ट. पुढे एक बस बंद पडली. आम्ही रॅम्प लाल केला, दोन हवालदार आणि साहेब खाली उभे, आणि का कोण जाणे, लोक थांबले. मोकळी खरंच मोकळी राहिली. आमचा क्रेनवाला पाटील दिवा गावचा, एरवी चिडलेला असायचा. त्या दिवशी वायरलेसवर त्याचा आवाज आला, "साहेब, आज पयल्यांदा चौथा गिअर टाकला!" बस निघाली, रांग विरून गेली. साहेबांनी खुर्ची ओढून माझ्या पडद्यासमोर बसकण मारली आणि त्या रिकाम्या रस्त्याकडे कितीतरी वेळ बघत राहिले. मला वाटलं, हे होणार. माझाही विश्वास बसला होता, हे मी आज कबूल करते, आणि त्याचा मला अजून त्रास होतो.

दिवाळीनंतरच्या एका सकाळी, ऑफिसच्या ऐन वेळेला, रॅम्पच्या बऱ्याच पुढे लोखंडी पत्र्याची गुंडाळी नेणारा ट्रेलर कंटेनरवर आदळला. केबिन चेपली होती आणि ड्रायव्हर पाय अडकून आतच राहिला होता. शुद्धीवर होता, बोलत होता. केबिन ओढल्याशिवाय त्याला काढता येणार नव्हतं. पाटलाची क्रेन कोपरीच्या बाजूने मोकळीकडे निघाली. मी रॅम्प लाल केला. साहेब तिथे होतेच. कॅमेऱ्यात मला ते दिसत होते, हात आडवे करून उभे. मागे रॅम्पभर गाड्या, सगळ्यांचे हॉर्न चालू असणार, पण पडद्याला आवाज नसतो.

मग एक रिक्षावाला उतरून त्यांच्याकडे आला. मागच्या सीटवर एक बाई कलंडलेली होती आणि तिचा नवरा रिक्षातून अर्धा बाहेर वाकून साहेबांपुढे हात जोडत होता. साहेब मान हलवत होते, नाही, नाही. नवऱ्याने खाली उतरून त्यांचे पाय धरले. मग माझा फोन वाजला.

"शिल्पाबाई, एक हिरवा द्या."

"साहेब, क्रेन यायची आहे अजून."

"माहितीये मला. डायलिसिसची बाई आहे हो. तिचं तोंड बघवत नाही. एकच द्या. एकच रिक्षा."

मी एक हिरवा दिला आणि लगेच लाल केला. रिक्षा गेली. तिच्या मागे एक पांढरी गाडी गेली, रिक्षावाल्याचीच कोणी नातेवाईक असल्यासारखी चिकटून. मग दोन बाईक. मग कंपनीची बस. मग सगळाच रॅम्प सुटला. दिवा लाल होता, साहेब दोन्ही हात पसरून मध्ये उभे होते, आणि गाड्या त्यांच्या दोन्ही अंगांनी जात होत्या. फोन चालूच राहिला होता. त्यात ते "लाल करा, लाल करा" म्हणत होते. "लालच आहे साहेब," मी सांगत होते. बाकी लेन आधीच तुंबलेल्या, त्यामुळे सगळे मोकळीत घुसले. थोड्या वेळाने पाटील वायरलेसवर ओरडला, "साहेब, गाडी अडकली हाय. पुढं जागाच नाय. काय करू?"

क्रेन पोचली तेव्हा ड्रायव्हर बोलायचा थांबला होता. ती रिक्षासुद्धा त्याच गर्दीत, ट्रेलरच्या अलीकडे अडकून पडली होती. नवरा वर्तमानपत्राने बाईला वारा घालत होता. तिला हॉस्पिटलात पोचायला दुपार झाली म्हणे. ती वाचली, पण ते साहेबांच्या त्या एका हिरव्यामुळे नाही.

चौकशी झाली. दहा तोंडं, दहा कारणं. साहेबांना बोलायची पाळी आली तेव्हा ते म्हणाले, "हिरवा मी मागितला." लोकांनी त्या दिवशी काय केलं, लाल दिवा कसा तुडवला, हे सगळं त्यांना सांगता आलं असतं. मी डोळ्यांनी खुणावत होते, बोला ना. ते टेबलाकडे बघत राहिले. सिग्नलमुळे गोंधळ वाढला असं ठरलं आणि प्रयोग बंद झाला. मोकळीत आता सगळेच जातात. काही महिन्यांनी साहेब रिटायर झाले. निरोपाच्या कार्यक्रमात त्यांना नारळ आणि शाल दिली, आणि कोणीतरी भाषणात हसत हसत नळाची गोष्ट काढली. साहेबही हसले. मला तिथे बसवेना, मी चहा बघायच्या निमित्ताने उठले.

यंदा आमच्याकडे नवे मोठे साहेब आले. हुशार, उत्साही. त्यांनी जुनी फाइल वाचली आणि मला बोलावून म्हणाले, कल्पना उत्तम होती, आपण पुन्हा सुरू करू. तुमच्या त्या साहेबांना सल्लागार म्हणून यायला सांगा, तुमचं ऐकतील. मी त्याच संध्याकाळी नौपाड्यात नळवाले साहेबांच्या घरी गेले. खरं सांगायचं तर जवळजवळ पळतच गेले. काकूंनी दार उघडलं, साहेब बाहेरच्या खोलीत बसले होते. बारीक झाले होते. मी सगळं एका दमात सांगून टाकलं. सगळे रॅम्प, नवे कॅमेरे, जास्त हवालदार, तुमच्या मनासारखं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "त्या दिवसाचा मी फार विचार केला, शिल्पाबाई. पुन्हा तो माणूस हात जोडून समोर आला, तर मी पुन्हा हिरवा मागेन."

"साहेब, तेव्हाची वेळच तशी होती."

"वेळ नेहमी तशीच असते. रोज त्या रांगेत कोणीतरी मरायला टेकलेलं असतं. मी त्याला सोडणार. आणि एकाला सोडलं की उरलेल्यांना कुठल्या तोंडाने अडवायचं?"

"मग हे करायचं कोणी?" मला रडू येत होतं आणि रागही येत होता. "असंच चालू ठेवायचं?"

काकू चहा घेऊन आल्या, म्हणून ते थांबले. त्या आत गेल्यावर म्हणाले, "ज्याला दया येत नाही असा माणूस लागेल त्याला. तुम्ही शोधा." त्यांनी कप उचलला आणि तसाच खाली ठेवला. "आणि सापडला ना, तर त्याच्या हातात सिग्नल देऊ नका."

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात सांगितलं, त्यांना जमणार नाही म्हणाले. नव्या साहेबांनी बरं म्हटलं आणि दुसरी फाइल उघडली. का जमणार नाही, हे त्यांनी विचारलं नाही.