गुंडूच्या पोटातला मद्दू

तानूबाईला जगात कुणाचा भरवसा नव्हता. कानडी मुलखातल्या शहरात, कॉटनपेटच्या गल्लीत, दूधवाल्यानं माप ओतलं की ती बोट बुडवून चाखायची आणि मगच भांडं आत न्यायची. शेजारच्या सोयराबाईनं वाटीभर हुग्गीची खीर पाठवली, तर आज कशी आठवण झाली म्हणून विचारायची. अशा सासूच्या हाताखाली विमला सहा वर्षं नांदली, धन्य तिची!

सदुसष्ट सालच्या उन्हाळ्यात तानूबाईचा एकुलता मुलगा गुंडू जेवेनासा झाला. शिंपीकाम करणारा, तिशीतला धडधाकट माणूस, पण दोन घास घेतले की पोट भरायचं आणि तेही उलटून पडायचं. तानूबाईनं निदान करून टाकलं. मद्दू! म्हणजे कुणीतरी जेवणातून काहीबाही चारायचं, ते पोटात चिकटून बसतं आणि माणसाला आतून खातं, असं म्हणतात. आता चारलं कुणी? जी रोज वाढते तिनं, दुसरं कोण? झालं, विमलेला चुलीपाशी जायची बंदी. आणि वाईट याचं की गुंडूलाही ते पटलं.

येलहंक्याला मद्दू उतरवणारा एक बाबा होता. त्यानं हिरवा रस पाजला, गुंडूला भडाभडा ओकायला लावलं आणि पातेल्यात बोटं फिरवून काळा गोळा वर काढला. "बघा अक्का, निघाला." मेल्यानं तो बोटांतच धरून आणला असणार. साऱ्या दुनियेवर संशय घेणारी बाई, पण याच्यावर तिनं डोळे मिटून विश्वास ठेवला.

गुंडूला उतार पडलाच नाही. शेवटी विमलेनं रडून-भांडून त्याला इस्पितळात नेलं. पोट उघडलं, एक तुकडा तपासायला घेतला आणि परत शिवलं. तानूबाई तिथंही भांडली, माझ्या लेकाचं मांस कुठं नेलंत म्हणून. डॉक्टर नरसिंहराव घरी मराठी बोलणारे. विमला गुंडूच्या खाटेपाशी होती, तेव्हा त्यांनी तानूबाईला एकटीला सूक्ष्मदर्शकापाशी बसवून तो तुकडाच दाखवला.

पोटाच्या कॅन्सरचे दोन प्रकार दिसतात, ते सांगू लागले. एक गाठीसारखा एका जागी वाढतो, बहुधा म्हाताऱ्यांना होतो. दुसऱ्याची गाठ नसते. सुट्ट्या सुट्ट्या पेशी जठराच्या भिंतीत पसरतात आणि जठर कातड्यासारखं ताठ होतं. त्या पेशींत शेंबडासारखा चिकट पदार्थ साठतो, तोच इथं रंगानं लाल झालाय. गुंडूचा हा दुसरा प्रकार, तरुणांनाही होतो. चारण्या-बिरण्यानं असलं काही होत नाही.

"कधीकधी एकाच घरात दोघातिघांना होतो. तुमच्यात कुणी असं गेलंय का?"

तानूबाईची आई अशीच घास न उतरता झिजून गेली होती. भाऊ ज्योतिबा, तोही. हे कबूल करायचं म्हणजे विमला सुटली, आणि बोट आपल्याकडे वळलं.

"कुणी नाही," ती म्हणाली.

घरी आल्यावर डॉक्टरांचा शब्दही तिनं बाहेर काढला नाही. विमला सोयराबाईच्या चुलीवर शिजवलेल्या तांदळाच्या गंजीची वाटी घेऊन आली की गुंडू भिंतीकडे तोंड करायचा. आईच्या हातचं पाणी तेवढं घ्यायचा. दसऱ्याआधी तो गेला.

तेराव्याला विमलेचे वडील तिला न्यायला आले. भावकीतले आप्पाजी सगळ्यांदेखत म्हणाले, बरंच झालं, नवऱ्याला मद्दू घालणारी घरात कशाला? ते मात्र तानूबाईला ऐकवेना. लेक गेल्यापासून तिला धड झोप नव्हती. ती उठली आणि आईचं, भावाचं, डॉक्टरांनी विचारलेलं, सगळं बोलली. पोरीनं काही केलेलं नाही, रोग माझ्या माहेरचा, म्हणाली. पंगतीत कुणाचा घास हलेना.

आता विमला पाया पडेल, राहते म्हणेल, असं तानूबाईला वाटलं. विमलेनं गाठोडं उचललं आणि ती सासूकडे वळली.

"हे त्यांच्या जिवंतपणी सांगितलं असतं अत्ती, तर ते माझ्या हातचे दोन घास खाऊन गेले असते."

आणि ती वडिलांच्या मागून चालू लागली.