बोहनीची कविता

मेडिकलच्या काउंटरमागे वीस वर्षं उभं राहिलं की आधी चेहरा आणि मग चिठ्ठी वाचायची सवय लागते. 'मित्रासाठी पाहिजे' म्हणणाऱ्याला मित्र नसतो. दुकानात आणखी दोन माणसं असताना जो उगाच टूथपेस्टचे खोके न्याहाळत बसतो, त्याला टूथपेस्ट नको असते, काळ्या पिशवीतून लपवून न्यायचं काहीतरी हवं असतं. माझे यजमान याच काउंटरमागे माझ्या शेजारी बसतात, पण त्यांना जन्मात कधी कुणाचा संशय आलेला नाही, म्हणून दोघांच्या वाट्याचा मलाच घ्यावा लागतो. "तुले देवानं प्रसाद देल्ला तरी तू त्याची एक्सपायरी पाहाशीन," असं ते म्हणतात. पाहीनच. न पाहायला काय झालं?

असल्या बाईने खरं तर कवितेच्या वाटेला जाऊ नये. पण लेक नोकरीसाठी पुण्याला गेली, दुपारी दुकानात माशा मारण्याची वेळ येऊ लागली आणि औषध कंपन्यांनी फुकट दिलेले पॅड पडूनच होते. त्यांवर लिहायला लागले. मग कुणीतरी सांगितलं की आपल्या अमरावतीत एका कोचिंग क्लासच्या वरच्या कॅफेत पोरं-पोरी माइकवर कविता म्हणतात, कुणीही जाऊन म्हणू शकतं. गेले. बघता बघता त्यांच्यातलीच झाले. एक महिना कार्यक्रम अमरावतीत, एक महिना अकोल्यात. बहुतेक सगळे माझ्या लेकीच्या वयाचे, आणि बहुतेकांना माझ्या दुकानाचा पत्ता पाठ.

या कार्यक्रमाचा एक रिवाज आहे, तो सांगायलाच हवा. पहिल्या भागात कुणीही येऊन म्हणावं. दुसऱ्या भागात स्पर्धा. प्रेक्षकांतूनच ऐनवेळी पाच जणांना जज म्हणून बसवतात, हातात पाटी आणि खडू देतात. प्रत्येक कवितेला प्रत्येकाने दहापैकी गुण द्यायचे आणि पाटी वर धरायची. पण नवख्या जजला अंदाज कसा यावा? म्हणून स्पर्धेआधी एकाला पाठवतात. त्याच्या कवितेला जज गुण देतात, त्यांचा हात बसतो, आणि ते गुण पुसून टाकतात. तो माणूस त्या दिवशी स्पर्धेत नाही. मोठ्या शहरांत याला काहीतरी इंग्रजी नाव आहे म्हणे. आमच्याकडे बोहनी म्हणतात, दुकानातल्या दिवसाच्या पहिल्या विक्रीला म्हणतात तसं.

मला पहिल्यांदा बोहनीला पाठवलं तेव्हा मी हुरळून गेले. संयोजक म्हणाला, "ताई, बोहनी तुमच्याच हातची पाहिजे. कार्यक्रम मस्त जाते." दुसऱ्या महिन्यात पुन्हा मी. तिसऱ्यात पुन्हा. चौथ्यात त्याने मला विचारलंही नाही, माझं नाव थेट माइकवरून पुकारलं. तेव्हा माझं डोकं चालू झालं. अहो, मी दुकानदार आहे. बोहनीच्या गिऱ्हाईकाशी आपण कसे वागतो ते मला कुणी शिकवायला नको. गोड बोलतो, दोन रुपये कमी करतो, पण रिकाम्या हाताने जाऊ देत नाही. हे प्रेम त्या गिऱ्हाईकावरचं नसतं, त्याच्या मागून येणाऱ्यांवरचं असतं.

संयोजकावर माझी नजर होतीच. हा मुलगा लग्नांमध्ये सूत्रसंचालन करतो. वधूच्या मावशीलासुद्धा 'सौंदर्याची खाण' म्हणणं हा त्याचा धंदा. त्याच्या गोड बोलण्यावर काय विश्वास ठेवायचा? एकदा कार्यक्रमाआधी तो चौकातल्या गाडीवर दोघांसोबत गिला वडा खाताना दिसला, आणि तासाभराने तेच दोघे पाट्या घेऊन जजच्या खुर्च्यांवर. ऐनवेळी निवडतात म्हणे! मी यजमानांना सांगितलं. ते म्हणाले, "गिला वडा तं आपनबी खातो." यांच्याशी बोलून उपयोग नाही.

मला एवढं झोंबायचं कारणही होतं. वर्षाच्या शेवटी अमरावतीच्या कार्यक्रमात पहिले चार निवडतात आणि त्यांना पुण्याच्या स्पर्धेला पाठवतात. मला पुण्याला जायचं होतं. लेक दर रविवारी फोनवर विचारते, "तुझं ते अजून चालू आहे का?" ते म्हणजे कविता. 'ते' या शब्दाचा मला राग आहे. तिला समोरच्या खुर्चीत बसवून मला माइकसमोर उभं राहायचं होतं. आणि बोहनीचे गुण तर मोजतच नाहीत. मग कुणीतरी मला जाणूनबुजून बाजूला ठेवतंय, यात शंका घ्यायला जागा कुठे होती?

हे बोलायला माणूस एकच होता, अकोटचे सर. उर्दू शाळेतून निवृत्त झालेले, पांढरी दाढी, खिशाला दोन पेनं. ते उर्दूत, हिंदीत, वऱ्हाडीत, तिन्हींत लिहितात आणि कधीकधी एकाच ओळीत लिहितात. अमरावतीचा कार्यक्रम संपला की मी त्यांना माझ्या स्कूटीवर एसटी स्टँडला सोडते. मागे बसल्याबसल्या ते नवीन कविता म्हणून दाखवतात, आणि मला हेल्मेटमधून अर्धीच ऐकू येते. एकदा त्यांनी बायकोच्या कानाच्या मशीनवरची कविता म्हटली. बायको दिवसभर मशीन लावते. हे कविता म्हणायला बसले की काढून ठेवते. पण शेवटी अशी ओळ होती की मी स्कूटी बाजूला घेतली, हेल्मेट काढलं आणि त्यांना ती पुन्हा म्हणायला लावली.

"सर, हे अजून कुठी म्हनली नाई?"

"नाई. निवडीच्या दिवशीसाठी ठेवली हाये. पुन्याले आपन कधी गेलोच नाई, बाई."

स्टँडवर मी त्यांना स्पष्टच विचारलं, "सर, बोहनीले दरवेळी मलेच काहून पाठवतात?" सरांनी गाडीच्या दिशेने पाहिलं आणि म्हणाले, "अंजनगावच्या पुढं रस्ता खोदून ठेवला हाये. आज घरी पोहोचाले उशीर होईन." बस्स. एवढंच बोलले आणि गाडीत जाऊन बसले. मी तिथेच ओळखलं, यांनाही माहीत आहे. सगळ्यांना माहीत आहे, फक्त मला नाही.

पुढच्या महिन्यात अकोल्यात मी संयोजकाला गाठलं. तो वाचनालयाच्या सभागृहात माइकची वायर सरळ करत होता. म्हटलं, "खरं सांग. माझ्या कवितेचं कोनाले काय वावडं हाये? मलेच काहून बोहनी?"

तो हसला. त्याला यात लपवण्यासारखं काही वाटतच नव्हतं, हेच वाईट.

"काहून म्हनजे? ताई, तुमच्यासारखं दुसरं कोनी नाई आपल्याकडं. दुसऱ्या कोनाले पयले पाठवलं का एक जज नऊ देते, एक चार देते, मंग त्यायचं आपसातच जमत नाई. तुमाले सगळे सात देतात. अमरावतीत सात, अकोल्यात सात. कोनी कमी नाई, कोनी जास्त नाई. हात कसा मस्त बसून जाते!"

आणि वायर गुंडाळत पुढे गेला. त्याने माझी तारीफ केली होती.

परतीच्या गाडीत मूर्तिजापूर येईपर्यंत मी खिडकीबाहेर पाहत होते आणि मला रडू येत होतं. कट असता तर बरं झालं असतं. कट करायला समोरचा माणूस डोळ्यांत तरी खुपावा लागतो. मी कुणाच्या डोळ्यांत खुपतच नव्हते. घरी येऊन सगळे पॅड काढले आणि वाचले. आई, माती, चिमणी, पुन्हा आई. एकेक कविता पथ्याच्या खिचडीसारखी, कुणालाही बाधू नये अशी. दिवसभर जगाचा संशय घेणारी बाई कागदावर सगळ्यांची खुशामत करत होती. यजमानांनी विचारलं, "का झालं?" म्हटलं, "एक्सपायरी पाहून राहिली."

मग मी एक कविता लिहिली. ती लिहिताना कुणाला आवडेल याचा विचार केला नाही. कुणाला आवडणार नाही याचा मात्र केला.

निवडीच्या दिवशी कॅफे खच्चून भरला होता. संयोजकाने सवयीने माझं नाव पुकारलं, "बोहनी, आपल्या लाडक्या ताई!" पाचही जज आरामात टेकून बसले. मी कागद उघडला आणि सुरुवात केली:

*काया पिशवीत काय नेता, मले माहीत हाये.*
*तुमचा तो मित्र एकदा घेऊन या दुकानात,*
*त्याले सगळे रोग हायेत आन् तुमाले एकबी नाई.*

लोक हसले. पण हसणं अर्ध्यातच थांबलं, कारण त्या खोलीतली निम्मी माणसं माझी गिऱ्हाईकं होती. मी एकेक करून सगळं म्हणत गेले. नाव कुणाचं घेतलं नाही, घेणारही नव्हते. पण मी पुढची ओळ म्हणायला मान वर केली की कुणीतरी मान खाली घालत होतं. शेवटी ती बाई आली, जी दर आठवड्याला निळ्या डागांवरचं मलम नेते आणि घरातली फरशी फार गुळगुळीत आहे म्हणते. ती बाई त्या खोलीत नव्हती. मी म्हटलं:

*वीस वर्षं मी मलमच देऊन राहिली.*
*एकदाबी विचारलं नाई, बाई, फरशी कोनाची हाये.*

टाळ्या लगेच पडल्या नाहीत. इतका वेळ मी यांच्यावर संशय घेत होते, आता सगळी खोली माझ्यावर घेत होती. पाट्या वर आल्या. एक दहा, एक नऊ, एक पाच, एक आठ, आणि टोकाच्या माणसाचे तीन. तीन देणाऱ्याने पाटी तोंडासमोरून खाली घेतलीच नाही. त्याच्या घरची फरशी कशी असेल, हा विचार तेव्हापासून माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, इतका आनंद मला लेकीच्या निकालालाही झाला नव्हता. गुण पुसले जाणार होते, पुण्याचं तिकीट त्या दिवशीही माझं नव्हतं, तरी मी हवेत होते. संयोजक मात्र डोक्याला हात लावून उभा होता. "ताई, हे काय केलं? आता यायचा हात कसा बसन?" त्याने खोलीभर नजर फिरवली. "सर, तुमी येता का? आनखी एक बोहनी करून घेऊ."

सर लगेच उठले. त्यांना नाही म्हणता येत नाही. माइकसमोर उभं राहून त्यांनी दोन्ही पेनं उगाच चाचपली आणि कानाच्या मशीनची कविता म्हटली. दुसरी त्यांनी आणलीच नव्हती. बोहनीला गेलेला माणूस त्या दिवशी स्पर्धेतून बाद, हे मला माहीत होतं. तोंड उघडून म्हणू शकले असते, सरांना नका पाठवू. पण मी माझ्या दहा आणि तीनमध्ये रमले होते. ज्या ओळीसाठी मी रस्त्यात हेल्मेट काढलं होतं, ती ओळ आली आणि गेली. माझ्या कवितेने बिचकलेले पाचही जण एकमेकांच्या पाट्यांकडे चोरून पाहत होते. मग पाट्या वर आल्या. पाचही पाट्यांवर सात.

"बसला हात!" संयोजक खूश झाला, आणि स्पर्धा सुरू झाली.

संध्याकाळी सरांना स्कूटीवरून स्टँडला नेलं. त्या दिवशी त्यांनी मागे बसून कविता म्हटली नाही. अकोटची गाडी लागायची होती. आम्ही चहा घेतला.

"बाई, एक विचारू का?" सर म्हणाले. "एवढे पोट्टे बसले होते, मंग त्यानं मलेच काहून बोलावलं असन?"

मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. वीस वर्षांत काउंटरपलीकडे इतका स्वच्छ चेहरा मी पाहिला नव्हता. त्यांना खरंच माहीत नव्हतं. मागे ते रस्त्याबद्दल बोलले होते, ते रस्त्याबद्दलच बोलले होते.

"सर, बोहनीले हात चांगला लागते," मी म्हटलं. "तुमचा हात चांगला हाये."

"असं?"

"मंग? कार्यक्रम कसा मस्त गेला पाहा."

सरांनी मान डोलावली. त्यांना एकदाही वाटलं नाही की ही बाई गोड का बोलते आहे. गाडी लागली. ते चढले, खिडकीजवळ बसले आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी पुन्याले दोघंबी जाऊ." मग त्यांनी फोन काढून घरी लावला, आणि त्यांचा आवाज पार चहाच्या टपरीपर्यंत आला.

"अरे, पहले मशीन लगा कान में! लगाई? हाँ, सुन. बोहनी! आज की बोहनी मेरे हाथ से कराए! मेरेच हाथ से!"

सगळी गाडी त्यांच्याकडे वळून पाहायला लागली. मी हेल्मेट घातलं.