दोन कॉलेजं आणि एक कौल

वैद्यकीय महाविद्यालयाची निवड ही माणसाने नियतीशी केलेली पहिली बोलणी असते. हे वाक्य माझं नाही. अंधेरीतल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये, परदेशी शिक्षणाचा सल्ला देणाऱ्या एका कंपनीच्या पडद्यावर ते सोनेरी अक्षरांत झळकत होतं, आणि समोशाची रांग पुढे सरकत नव्हती म्हणून मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. वाक्याखाली एक कांगारू होता. त्याचा आणि नियतीचा संबंध कुणी विचारला नाही.

लेकीला इथल्या प्रवेशपरीक्षेत बरे मार्क पडले होते. बऱ्या मार्कांचं आपल्याकडे काय होतं, हे ज्यांच्या घरातून एक तरी बारावी गेली आहे त्यांना सांगायला नको. म्हणून ऑस्ट्रेलिया. तिथल्या काही कॉलेजांत बारावीनंतर थेट डॉक्टरकीला घेतात; त्यांची वेगळी परीक्षा असते, वर मुलाखत. तिने गाजावाजा न करता दोन्ही पार पाडल्या आणि दोन कॉलेजांनी तिला घ्यायची तयारी दाखवली. एकही मिळालं नसतं तर थोडे दिवस तोंडं पाडून आम्ही कामाला लागलो असतो. दोन मिळाली आणि घरातली शांतता गेली.

एक कॉलेज मोठ्या शहरातलं. माहितीपत्रकात दगडी मनोरा, त्यापुढे हिरवळ, हिरवळीवर पुस्तकं मांडीवर घेऊन हसणारी मुलं. पुस्तक एकाचंही उघडं नव्हतं. दुसरं उत्तरेकडच्या एका लहान गावातलं. त्याची इमारत आपल्या एखाद्या जिल्हा परिषदेच्या कचेरीसारखी, फक्त स्वच्छ. तिथल्या मुलांना सुरुवातीच्या वर्षांतच दूरदूरच्या वस्त्यांवरच्या दवाखान्यांत पाठवतात. दोन्हीकडची फी जवळपास सारखीच. आमच्यासारख्या घरांतले मोठे निर्णय एरवी खर्चच घेऊन टाकतो. या वेळी त्यानेही अंग काढून घेतलं.

लेकीला लहान गावातलं हवं होतं. कारण तिने मला पोळ्या लाटता लाटता सांगितलं. मोठ्या कॉलेजच्या मुलाखतीत समोर माणूसच नव्हता. लॅपटॉपवर प्रश्न उमटायचा, कोपऱ्यातलं घड्याळ उलटं पळायचं, आणि हिने कॅमेऱ्याच्या भोकाकडे बघून करुणा व्यक्त करायची. दुसऱ्या मुलाखतीला एक वयस्कर डॉक्टरीणबाई होत्या. पेशंट तुझं ऐकतच नसेल तर काय करशील, असं त्यांनी विचारलं.

"मग मी आजीचं सांगितलं," लेक म्हणाली. "शुगर असताना ती आंबे खायची. मी ओरडले की चोरून खायची. मग मी तिच्याबरोबर बसायला लागले. एक फोड, दोघींत अर्धी अर्धी. तेव्हा चोरून खायची थांबली. त्या बाई एवढ्या हसल्या ना आई! वेळ संपली तरी आंब्याचंच विचारत होत्या."

"मग ठरलं तर," मी म्हटलं.

"काकांना कोण सांगणार?"

हा प्रश्न खरा होता. काका म्हणजे माझे मोठे दीर. राहतात कांदिवलीला, पण आमच्या मुलुंडच्या घरातल्या कुठल्याही मोठ्या गोष्टीवर शेवटचा शिक्का त्यांचा. त्यांना मूलबाळ नाही. हिच्या प्रत्येक परीक्षेला केंद्राबाहेर उन्हात पाण्याची बाटली घेऊन तेच उभे राहिले आहेत, बाप ऑफिसात असताना. तिला त्यांना दुखवायचं नव्हतं आणि त्यांच्या शब्दाखातर सहा वर्षं नको तिथेही काढायची नव्हती. आणि भाऊजींचं मत ठाम होतं.

"आमच्या बाबांनी मालवण सोडलं ते गिरणीत यायला," ते म्हणाले. "आम्ही चाळ सोडली ती ब्लॉकमध्ये यायला. आणि ही विमानात बसून परत गावात जाणार? अगं, गावातच राहायचं होतं तर एसटी होती ना!"

माझा नवरा म्हणाला की दोन्ही बाजूंत तथ्य आहे. लग्नापासून तो हेच म्हणत आला आहे.

सोमवारपर्यंत कॉलेजांना कळवायचं होतं. शनिवारी भाऊजींचा फोन आला: उद्या येतोय, गुरवांशी बोलणं झालंय, देवाला कौल लावू.

कौल म्हणजे काय, हे कोकणाबाहेरच्यांसाठी सांगते. गावच्या देवाच्या मूर्तीला दोन्ही अंगांना फुलांच्या ओल्या पाकळ्या चिकटवतात, गुरव देवाला गाऱ्हाणं घालतो आणि सगळे पाकळी पडायची वाट बघत बसतात. उजवीकडची आधी पडली तर उजवा कौल, डावीकडची पडली तर डावा. लग्नं, जमिनी, विहिरी, सगळं यावर ठरलेलं आहे आणि त्यातलं निम्मं तरी ठीक झालेलं आहे. सल्ला देणाऱ्या कंपन्यांचं याहून बरं काही असेल असं मला वाटत नाही. शिवाय गुरव कोट घालत नाहीत.

रविवारी सकाळी भाऊजी आले. त्यांनी मोबाईल टीव्हीला जोडला आणि एरवी जिथे बातम्या देणारी माणसं भांडतात तिथे आमचा ग्रामदेव प्रकट झाला. गावाकडे गुरवांनी आपला मोबाईल नारळाला टेकवून ठेवला होता. आम्ही चपला बाहेर काढून सोफ्यावरून खाली सतरंजीवर बसलो. लेक सगळ्यात मागे, भिंतीला टेकून.

"उजवो दिलंस तर थोरल्या शहरातला कालेज," गुरवांनी भाऊजींनी सांगितल्याप्रमाणे देवाला समजावलं, "डावो दिलंस तर धाकट्या गावातला. बा देवा म्हाराजा, ह्या तुझा लेकरू सातासमुद्रापलीकडे डाक्टरकी शिकाक चल्ला, तेका बरी वाट दाखव म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" आम्ही म्हणालो. माझा नवरा जरा उशिरा म्हणाला, त्यामुळे ते एकट्यानेच दिलेलं वचन वाटलं.

वाट बघणं सुरू झालं. आमच्या घरात टीव्हीसमोर इतकी शांतता मी पहिल्यांदा अनुभवली. मग उजवीकडची पाकळी हलली, घसरली आणि पडली.

"उजवा!" भाऊजी उठून उभे राहिले. "बघ! मी सांगत होतो! मनोरा!" आणि डोळे पुसत त्यांनी घराण्याच्या ग्रुपवर बातमी टाकायला दुसरा फोन काढला. दोन फोन बाळगतात ते.

लेक उठून स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग गेले. तिने भरलेली पाण्याची बाटली पुन्हा भरायला घेतली होती.

"आई," ती म्हणाली, "मी सकाळीच कळवून टाकलंय."

"काय?"

"छोट्याला हो. मोठ्याला नाही. तुम्ही सगळे उठायच्या आधी. पाकळीवर मी सहा वर्षं नाही ना सोडू शकत! आता काकांना काय सांगू? देवाचंसुद्धा ऐकलं नाही म्हणून?"

तिच्या हातातली बाटली भरून वाहत होती. मी नळ बंद केला. खरं सांगायचं तर मला आनंद झाला होता, पण तो दाखवायची ती वेळ नव्हती. बाहेर भाऊजी कुणाला तरी फोनवर मनोऱ्याची उंची सांगत होते.

मी बाहेर गेले ते सगळं सांगून टाकायचं ठरवूनच. पण पहिलं वाक्य सुचेना. टीव्हीवर गुरव अजून होतेच, देवापुढचं आवरत होते. काहीतरी बोलायचं म्हणून, निव्वळ वेळ काढायला, मी विचारलं, "गुरवकाका, हा उजवा म्हणजे कुणाचा उजवा हो?"

गुरव कॅमेऱ्याजवळ आले. पडद्यावर त्यांचं कपाळच दिसायला लागलं.

"कोणाचो म्हणजे? देवाचो."

"देवाचा? म्हणजे आमच्या..."

"तुमच्याकडे तोंड करून बसलो हा ना तो? मगे तेचो उजवो तुमच्या डाव्याक. तुमका उजव्याक दिसलो तो देवाचो डावो. मी कधीपासून सांगतंय, डावो पडलो, डावो पडलो, पण तुमच्याकडे नुसतो कल्लोळ."

भाऊजींचा फोनवरचा हात खाली आला. माझ्या नवऱ्याने पहिल्यांदा स्वतःचा उजवा हात वर करून पाहिला, मग टीव्हीकडे पाठ करून पुन्हा वर केला, आणि म्हणाला, "बरोबर आहे त्यांचं." आयुष्यात पहिल्यांदाच त्याला एकाच बाजूत तथ्य दिसलं.

"गुरवांनू, परत एकदा लावूया?" भाऊजी चाचरत म्हणाले. मुंबईत पन्नास वर्षं काढलेला माणूस अडचणीत आला की मालवणीत शिरतो. "आमची चूक झाली. बघण्यात चूक झाली."

"तुमची चूक झाली तर देव काय करतलो?" गुरव म्हणाले. "देव म्हणजे कस्टमर केअर नाय. एकदा सांगल्यान काय सांगल्यान. लेकराक जावंदे सुखान."

आणि त्यांनी फोन ठेवला. देव गेला, तिथे दोन माणसं भाज्यांच्या भावावरून भांडायला लागली.

भाऊजी पुन्हा सतरंजीवर बसले. मग त्यांनी लेकीला हाक मारली. ती आली आणि त्यांच्यासमोर बसली. तिच्या चेहऱ्यावरची सुटका लपत नव्हती. तिने लपवायचा प्रयत्न केला असेल तर तो फारच वाईट होता.

"तुला तेच हवं होतं ना गं?"

"हो काका."

"मग बोलायचंस ना, गाढवा! एवढ्या सकाळी मला कांदिवलीहून कशाला आणलंस?" त्यांनी तिच्या डोक्यात टपली मारली. "तिथे साप असतील. बूट घालून फिरायचं."

ग्रुपवर आलेल्या अभिनंदनांना त्यांनी दुपारभर एकेक करून उत्तर दिलं की कॉलेज बदललं आहे, देवाच्या इच्छेने.

माझ्यावरचं ओझं मात्र अर्धंच उतरलं होतं. खोटं कुणीच बोललं नव्हतं, तरी काहीतरी राहिलं होतं. ते लेकीनेच विमानतळावर, काकांबरोबर बॅगांची ट्रॉली ढकलता ढकलता सांगून टाकलं: काका, त्या दिवशी कौलाच्या आधीच मी कळवलं होतं. भाऊजींनी ट्रॉली थांबवली, विचार केला आणि म्हणाले, "म्हणजे देवाने तुला सकाळीच सांगितलं होतं. आम्हाला मग सांगितलं." आणि ट्रॉली पुढे ढकलली. इतकं भक्कम तर्कशास्त्र मी कुठल्याही ग्रंथात वाचलेलं नाही. त्या क्षणी मला इतकं हलकं वाटलं की निरोपाचं रडूही वेळेवर आलं नाही.

तिचं कॉलेज सुरू झालं. पहिल्या प्रात्यक्षिकाला पांढरे कोट घालून सगळ्यांना एका खोलीत नेलं आणि हात कसे धुवायचे ते शिकवलं. तिच्या ओळखीची एक मुलगी मनोऱ्याच्या कॉलेजात गेली आहे. त्या आठवड्यात तिथेही हात धुवायलाच शिकवलं.