भुवई, टाच आणि डेहनकर सरांचा क्लास

किस्से काही कुणी ठरवून साठवत नाही. घरात पिशवीत पिशव्या साठतात ना, तसे ते साठतात. एक ओढायला जावं तर पाच बाहेर! आमच्या डेहनकर सरांच्या क्लासचं तसंच आहे.

नव्वदच्या दशकात वर्ध्याजवळ सिंदी मेघेला सरांच्या घरी, वरच्या खोलीत हा क्लास चालायचा. सर जीवशास्त्राचे रिटायर्ड शिक्षक, पण शिकवायचे बँकेच्या परीक्षेचं इंग्रजी! भिंतीवर माणसाच्या शरीराचा भलामोठा तक्ता. त्यांचं म्हणणं, इंग्रजीतले अर्धे अवघड शब्द माणसाच्या अंगातूनच निघालेत. म्हणून नियम एकच : "आधी अंगाले हात, मंग तोंडात शब्द!"

आमच्यात सगळ्यात जीव तोडून अभ्यास करायचा तो हिंगणीचा गजानन. वडिलांचं किराणा दुकान. त्यांनी बजावलं होतं, "एक परीक्षा देजो. नाई निघाली तं गपचूप गल्ल्यावर बसजो." गजाननला गल्ला नको होता. त्याला बँकच पाहिजे होती.

*

पहिला शब्द 'सुपरसिलियस'. लॅटिनमध्ये भुवईला जे म्हणतात त्यावरून आलेला. एक भुवई चढवून दुसऱ्याला तुच्छ लेखणारा, तो सुपरसिलियस.

आता एकच भुवई चढवणं सोपं आहे का? आमची संगीता एसटीत बसून प्रॅक्टिस करत होती. समोर कंडक्टर येऊन उभा.

"काऊन व बाई, तिकीटच तं मांगून राह्यलो! एवढा कायचा तोरा?"

संगीता आनंदानं ओरडली, "बरोब्बर! तोराच! तुमाले न सांगता अर्थ समजला!"

कंडक्टरनं तिकीट फाडलं आणि तो थेट पुढच्या दारापर्यंत जाऊन उभा राहिला.

*

'सँग्विन' म्हणजे आशावादी. मूळ रक्तात! जुन्या काळी तिकडच्या वैद्यांना वाटायचं, अंगात रक्त जोरावर असलं की माणूस आशेनं भरलेला असतो.

संगीतानं हात वर केला. "सर, मंग रक्तदान केलं तं माणूस निराश होते का?"

सरांनी तक्त्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "पाहून सांगतो."

आम्हाला वाटलं, पुस्तकात पाहतील. दोन-तीन दिवसांनी सर कोपराच्या आतल्या बाजूला पट्टी लावून वर्गात आले. "देऊन आलो! काही फरक नाई. उलट केळ भेटलं!"

*

'रिकॅल्सिट्रंट' टाचेवरून. मागे टाच झाडणारं जनावर डोळ्यांपुढे आणायचं. म्हणजे आडमुठा, कुणाचं न ऐकणारा.

गजानन दुकानात एका पायावर उभा, हातात टाच, तोंडात शब्द. गिऱ्हाईक साखरेसाठी ताटकळलेलं. वडिलांनी विचारलं, "काय करून राह्यला बे?"

गजाननने अर्थ सांगितला.

"आडमुठा होय? मंग टाच कायले धरतं? आरशात पाह्य ना!"

*

मग आली परीक्षा. सेंटर वर्ध्यातलंच. पेपर हातात पडला आणि आमची सवय सुरू झाली. कुणी भुवई चोळतोय, कुणी मनगटाची नस दाबतोय, संगीता तर वाकून बाकाखाली टाच शोधतेय. सुपरवायझर बाई धावत आल्या.

"इशारे करून राह्यले तुम्ही! मले काय येडी समजता?"

"नाही हो मॅडम, आम्ही अर्थ आठवतोय," मी म्हटलं. त्यानं तर त्या अजूनच भडकल्या.

"हात बाकावर! सगळ्यांचे! लिहाचा तेवढा हात हलला पाह्यजे!"

झालं! भुवई गेली, टाच गेली, रक्तही गेलं. बाहेर आल्यावर गजाननला विचारलं, किती आले? तो रडवेला होऊन म्हणाला, "मॅन्युअल, मॅनिप्युलेट, इमॅन्सिपेट. नुसते हाताचे आले ना!"

*

निकालात गजाननचा नंबर नव्हता. दुसऱ्याच दिवशी क्लास चालू असताना त्याचे वडील, म्हणजे आम्हा सगळ्यांचे काका, दारात हजर.

"राम राम सर. पोराले न्याले आलो."

सर म्हणाले, "न्या. पण एवढा तास होऊ द्या."

काका दाराजवळच्या स्टुलावर बसले. गजानन खाली मान घालून बसला होता. आम्हाला फार वाईट वाटत होतं.

शब्द होता 'एंडॉर्स'. मूळ पाठ. आम्ही सगळ्यांनी पाठीला हात लावले.

काकांना राहवेना. "सर, या शब्दाचं काम काय?"

"तुम्ही चेकच्या मागं सही करता ना? कागदाच्या पाठीवर? तेच."

"आँ?" काका स्टूल घेऊन पुढे सरकले. "ते तं मी रोज करतो! पाठीचा शब्द बँकेत गेला कसा? आन् मानेचा कुठी गेला? गुडघ्याचा?"

सर सांगत गेले, काका विचारत गेले. तास केव्हाच संपला होता. शेवटी काकांनी तक्त्यावर बोट ठेवलं. "आन् हे पोट?"

"पोटाचे उद्या."

काका उठले. गजानन दप्तर भरून दारात उभा होता. डोळे लाल. काकांनी खिशातून दुकानाच्या किल्ल्या काढून त्याच्या हातात दिल्या.

"उद्या दुकान तू उघडजो."

"हो, बाबा." त्यानं किल्ल्या खिशात टाकल्या.

"परवा मी उघडीन, तू इथं येजो. असंच एक दिवसाआड. पर उद्या पोटाचे हायेत, ते मी सोडत नाई!"