फ्रीजरमधली बाटली

बालाघाटच्या एका प्रसूतिगृहात मी नवशिकी नर्स म्हणून रुजू झाले, त्या दिवशी तिथल्या मुख्य नर्स कुसुमताईंनी माझ्या चेहऱ्याआधी माझी नखं बघितली. “जा, कापून या,” म्हणाल्या. ही आमची पहिली ओळख.

पुढची बारा वर्षं मी त्यांच्या हाताखाली काढली. लसीच्या फ्रीजमध्ये प्यायच्या पाण्याची बाटली दिसली, तर त्या डॉक्टरसाहेबांनाही सुनावत. असे किस्से ताईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात इतरांनी लिहिलेच असतील. मला एकच गोष्ट सांगायची आहे.

भरवेलीच्या एका खाणकामगाराच्या बायकोला आमच्याकडे मुलगी झाली. आईच्या रक्तात हिपॅटायटिस बी निघाला होता. बाळाला चोवीस तासांच्या आत लस द्यायलाच हवी होती. बाळाची आजी मात्र सहाव्या दिवशीच्या छठीच्या पूजेसाठी अडून बसली.

“छठी झाल्याबिगर पोरीले सुई कायले टोचता जी?”

“छठीलोक थांबलो त वेळ निघून जाईन, माय. आईचा रोग लेकीले लागला त जनमभर जात नाही,” कुसुमताईंनी समजावलं.

“बरं, तुमच्या भरोशावर टोचा.”

मी सिरिंज भरून दिली, कुसुमताईंनी टोचली.

चौथ्या दिवशी त्यांनी तीच बाटली हलवून उजेडात धरली. तळाशी भराभर गाळ बसला. “हे फ्रीजरमधी कोनं ठेवली होती?” त्यांनी विचारलं. आम्ही तिघी नर्स समोरच उभ्या होतो. पोलिओची लस गोठवलेली चालते; ही लस एकदा गोठली की वाया जाते.

त्याच दुपारी नवी लस घेऊन त्या भरवेलीला गेल्या. मी सोबत होते. “पहिली लस माझ्या हातून बिघडली, माय,” त्या आजींना म्हणाल्या. आजींनी नातीला पुढे केलं आणि ताईंनी नवी लस टोचली.

वर्षाने मुलीचं रक्त तपासलं. रोग लागलेला होता. पहिल्याच दिवशी चांगली लस मिळती तर ती बहुतेक वाचली असती. त्या वस्तीतल्या बायकांनी पुढे कुसुमताईंना आपल्या तान्ह्या बाळांना हात लावू दिला नाही. तरी त्या दरवर्षी त्या मुलीला तपासणीला घेऊन जातात. ती आता सात वर्षांची आहे आणि त्यांना आजीच म्हणते.

लाइट सारखी जायची, म्हणून ती बाटली थंड राहावी यासाठी फ्रीजरच्या बर्फात मी ठेवली होती. कुसुमताईंनी त्या दिवशीच माझा चेहरा वाचला होता, पण माझं नाव कधीही घेतलं नाही. मीही घेतलं नाही. मला लाज वाटते.

ताई, साठीनंतरही तुम्हाला भरपूर, निरोगी वर्षं मिळोत. त्या लेकीला तुमची गरज आहे. आणि भरवेलीच्या आजींना हे पान मी स्वतः वाचून दाखवणार आहे.