मेंढ्या आत जाईपर्यंत

मुलाच्या अमेरिकेतल्या, नोव्हायच्या घरात टीव्हीवर शेकडो चॅनल होते, पण मला रिमोटची दोनच बटणं जमायची. त्यामुळे एकदा मेंढ्यांची स्पर्धा लागली ती लागलीच. हिरवंगार माळरान, चार-पाच मेंढ्या, एक काळापांढरा कुत्रा आणि लांबून शिट्ट्या मारणारा त्याचा मालक. कुत्र्याने मेंढ्यांना वळवत वळवत लाकडी कोंडवाड्यात घालायचं. चावायचं मात्र नाही. वर क्रिकेटसारखी कॉमेंट्री. माणसं घरात बसून हे बघतात याचं मला आधी हसू आलं. मग मीही बघू लागले. दुसरं करणार काय?

बाहेर बर्फ आणि गाडी मला चालवता येत नाही. मुलगा-सून कामावर जाताना फोनवरून घराला अलार्म लावून जात. एकदा छान ऊन पडलं म्हणून नातवाची दुपटी कठड्यावर वाळत घालायला मी मागचं दार उघडलं, तर सगळं घर बोंबलायला लागलं. बाळ दचकून रडतंय, दारात पोलीस उभा, आणि माझ्या हातात ओली दुपटी. सून रागावली नाही. "आई, ड्रायर आहे ना," एवढंच गोड आवाजात म्हणाली. त्या घरात कोणी रागावायचंच नाही, हीच पंचाईत. रागावलं तर भांडता तरी येतं. त्या दाराला मी पुन्हा हात लावला नाही.

नातू नकोसा होता असं नाही. दुधावरची साय ती. पण निघण्याआधीच एप्रिलचं परतीचं तिकीट मी हट्टाने काढायला लावलं होतं. सासूबाईंचं अंथरूण, नवऱ्याचं आजारपण, सगळं निस्तरून साताऱ्याच्या दोन खोल्यांत मी आयुष्यात पहिल्यांदा एकटी राहत होते. किल्ली माझ्या कमरेला. मनात आलं की कुलूप घालून निघायचं, कुठे चालले ते कुणाला सांगायचं नाही. विधवा बाईने याला सुख म्हटलं तर लोक वेड्यात काढतील, म्हणून कधी बोलले नव्हते. मुलाजवळसुद्धा नाही.

मार्चमधल्या एका शनिवारी आम्ही तिघं चहा घेत तीच स्पर्धा बघत होतो. नातू माझ्या मांडीवर झोपला होता. कोंडवाड्याच्या तोंडाशी एक काळतोंडी मेंढी गर्रकन वळली आणि कुत्र्यासमोर पाय आपटत उभी राहिली. कुत्रा जागच्या जागी थबकला.

"शाब्बास गं बाई!" मी म्हणाले.

"आई," सून म्हणाली, "तुमचं तिकीट पोस्टपोन केलं तर? व्हिसावर जुलैपर्यंत स्टे आहेच तुमचा."

"डे-केअरमध्ये हा सारखा आजारी पडेल गं," मुलगा म्हणाला. "आणि तिकडे तू एकटीच तर असतेस."

एकटीच तर! मला इतका राग आला की कप खाली ठेवावा लागला. माझं घर, माझी किल्ली, सगळं ओठांवर आलं. पण दोघंही इतक्या मायेने बघत होती, आणि बाळाने झोपेत माझं बोट धरलं होतं.

टीव्हीवर कुत्रा पोट जमिनीला टेकून हळूहळू पुढे सरकला. मेंढीने मान वळवली.

"बरं," मी म्हणाले.

मालकाने फाटक ओढून घेतलं. टाळ्या वाजल्या. मुलगा फोनवर तिकीट बदलू लागला.

"कसला हुशार कुत्रा आहे ना, आई?" सून म्हणाली.

"हो," मी म्हणाले. "एकदाही भुंकला नाही."